गुप्त काय ठेवायचं?

भारतातून येणाऱ्या बॅगेत काय असतं, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि बऱ्याचदा कपड्यांच्या घडीत दडवलेल्या खाजेच्या मलमाच्या तीन-चार ट्यूबा. "इथे त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत वर्ष जातं," हे त्याचं नेहमीचं कारण. ते अगदीच खोटं नाही, इंग्लंडात जीपीकडून त्वचातज्ज्ञापर्यंत पोचायला महिने लागतात. पण खाज कोपरावर असली तर माणूस फार्मसीत जाऊन हात पुढे करतो. ट्यूब भारतातून मागवली जाते ती बहुतेक जांघेसाठी.

मी डॉक्टर नाही. इथल्या एका शिक्षण रुग्णालयात मराठी-हिंदीचा दुभाषी म्हणून जातो. त्वचा विभागातही जातो आणि लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमध्येही. कोणाबद्दल काही सांगणं माझ्या कामात बसत नाही, सांगणारही नाही. पण डॉक्टरांकडून जे वारंवार ऐकलं ते सांगायला हरकत नाही.

त्या ट्यूबेत अनेकदा तीन औषधं एकत्र असतात. बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून मलम गुणकारी वाटतं. बुरशी मात्र मरत नाही, ती खाली पसरत राहते. नायट्याची ती ओळखीची गोल कड पुसट होते, आणि मग अनुभवी डॉक्टरही पाहून चटकन ओळखू शकत नाही. जांघेची त्वचा आधीच नाजूक. महिनोन्‌महिने हे मलम लावलं की ती पातळ होते आणि तिथे पडलेले ताणाचे पट्टे जन्मभर जात नाहीत. भारत सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ती बातमी अजून पोचायची आहे, असं दिसतं.

आणि तो नायटाच आहे हे ठरवलं कोणी? सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस निर्धास्त होतो. पुढे अंगावर, तळहातावर, तळपायावर पुरळ उठतं, तेही जातं. रोग मात्र आतच राहतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे एकाच विभागात शिकवतात, ते उगाच नाही. ब्रिटनमध्ये हे दोन वेगळे विभाग आहेत. मला आपली पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. एकाच रांगेत कोण पिंपल्ससाठी आलाय आणि कोण कशासाठी, कोणाला कळत नाही.

फक्त त्या पाटीवरचा 'गुप्तरोग' हा शब्द मला खटकतो. रोग कशाला गुप्त असेल? गुप्त ठेवायची ती नोंद, आणि ती डॉक्टरने ठेवायची. आपण उलट केलं. डॉक्टरपासूनच लपवलं आणि रेल्वेच्या भिंतीवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' असं रंगवणाऱ्याला मात्र सगळं सांगितलं. अशा जाहिरातींना आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने मनाई आहे, हे त्या भिंती पाहून कोणाला खरं वाटणार नाही!

इंग्रजांनी हा प्रश्न पहिल्या महायुद्धात सोडवला. १९१६ च्या नियमांनी या रोगांवर मोफत आणि गोपनीय उपचार सुरू झाले, आणि १९१७ मध्ये भोंदूंना त्यांवर उपचार करायला आणि जाहिराती द्यायला बंदी आली. ती परंपरा आजही चालू आहे. लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकला जायला जीपीची चिठ्ठी लागत नाही. तपासणी आणि उपचार फुकट, व्हिसा कोणताही असो. खरं नाव सांगायची सक्ती नाही. तुमच्या परवानगीशिवाय जीपीला कळवत नाहीत. इंग्लंडात एचआयव्हीचे उपचारही ऑक्टोबर २०१२ पासून सर्वांना मोफत आहेत. जांघेतल्या, गुप्तांगावरच्या त्वचेच्या तक्रारीही तिथे बघतात. विद्यार्थी म्हणून नुकत्याच आलेल्या मुलामुलींना हे कोणीतरी सांगायला हवं. महाराष्ट्र मंडळाच्या स्वागताच्या कार्यक्रमात बँक खातं आणि भाड्याची खोली यांच्यावर तासभर बोलतात, त्यातली दोन मिनिटं याला द्यायला काय हरकत आहे?

एक अडचण मात्र मी रोज बघतो, आणि ती आमच्याच बाजूची आहे. दुभाषी मराठी निघाला की पेशंटचा आवाज बसतो. हा गणपतीत भेटला तर? ही भीती रास्त आहे. अशा वेळी फोनवरचा दुभाषी मागा, तो दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि तुमचं तोंड बघत नाही. शिकाऊ डॉक्टर खोलीत नको असतील तर तसंही सांगता येतं, त्याने उपचारात कमीजास्त होत नाही. नवऱ्याला किंवा मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका, एवढी मात्र हात जोडून विनंती.

आखातातल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे निवासाच्या परवान्यासाठी एचआयव्हीची चाचणी द्यावी लागते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर परत यावं लागतं. त्यामुळे तिथला माणूस साध्या खाजेलाही घाबरतो. त्याने निघण्याआधी किंवा सुट्टीवर आल्यावर गावाजवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जावं. तिथे एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल कोणाला सांगताही येत नाही. नायट्यासाठी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पाच मिनिटांचं काम असतं.

आणि घरच्यांनो, पुढच्या वेळी लेक किंवा जावई फोनवर "ती ट्यूब पाठवा" म्हणाले, तर मेडिकलमध्ये जाण्याआधी एवढंच विचारा: कुठे लावतोस, आणि किती महिने झाले?