दारू सुटल्यानंतर जायचे कुठे?

"डॉक्टरसाहेब, त्यायले न सांगता चहात टाकता येईन असं काही औषध द्या." पिंपळगाव राजा आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या आयाबहिणींची ही मागणी मी किती वेळा ऐकली, याची मोजदाद नाही. भिंतीवर 'नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचलेली असते. अशा पुडीत काय आहे ते बहुधा लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी जीवही जातो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून मुळीच नाही.

दुसरा हट्ट असतो घरात कोंडून ठेवण्याचा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, अंगात ताप चढतो, माणूस बरळू लागतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. ती बाधा नव्हे. तातडीने दवाखान्यात न्यायची वेळ असते ती. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरला भेटावे. औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व दिले की हे दिवस बहुधा सुखरूप निघतात.

आठ-दहा दिवसांत हाताची थरथर थांबते. घरच्यांना वाटते, सुटली. खरी कसोटी त्यानंतर लागते. माणूस गावात परततो तेव्हा पार तोच, मित्र तेच. कापसाचे पैसे हातात येतात, पोळा येतो, लग्नसराई येते, निवडणूक येते. घरी पाऊल टाकताच बायको तोंडाचा वास घेते. मनातली ओढ सांगायची कुणाला? पुन्हा प्यायला, की सगळे म्हणतात, "इच्छाशक्तीच नाही." मला हे पटत नाही. इच्छा असते, सोबत नसते.

ही सोबत कशी कामाला येते, ते १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दिसले. बिल नावाचा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला गृहस्थ कामधंद्यासाठी तेथे गेला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. काम फसले आणि प्यावेसे वाटू लागले. बारमध्ये न जाता त्याने फोन करून आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. तो निघाला डॉ. बॉब, चक्क सर्जन! (पिणारा डॉक्टरही असू शकतो, हे आमच्या व्यवसायबंधूंनीही ध्यानात ठेवावे.) त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. तेथे फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही, उपदेश नाही. प्रत्येकाने स्वतःचे सांगायचे आणि फक्त आजचा दिवस न पिता काढायचा. २०२० साली २७ अभ्यासांचा, साडेदहा हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. संपूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरला.

पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तेथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर भर असतो आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट असतो.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले लोक आहेत. माळेचा धाक असतोच, पण त्याहून जास्त काम करते ती रोज संध्याकाळी भजनाला जमणारी मंडळी, असे माझे मत. अडचण एवढीच, की माळ घातलेला पुन्हा घसरला तर लाजेने तो देवळाची पायरी चढत नाही. ए.ए.त घसरलेल्यालाही दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळते.

गट शोधायचा असेल तर व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीतून विचारता येते. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागातही चौकशी करावी. शहरातल्या गटाला महिन्यातून एकदा का होईना, जाऊन यावे. पण मजुरी बुडवून दर आठवड्याला भाड्याला पैसे घालणे कुणाला जमणार? म्हणून गावातच गट हवा. ए.ए.च्या रिवाजानुसार दोघे-तिघे दारू सोडण्यासाठी एकत्र बसले, तरी तो गट होतो. पिंपळगावात दोघे मिळणार नाहीत काय?

"लोक काय म्हणतील," असे मला विचारतात. अहो, तुम्ही पिता हे गावाला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? लाज वाटायची तर तेव्हा नाही वाटली. मात्र सभेत ऐकलेले तिथेच ठेवायचे, ही अट कडक पाळावी. लहान गावात तर दुप्पट कडक.

जागेचे म्हणाल तर माझ्या दवाखान्यातली बाकडी रविवारी दुपारी रिकामीच असतात. दोघे तयार झाले की किल्ली घेऊन जावी. मी तेथे थांबणार नाही.