चंगाईचा बाजार आणि पुनरुत्थानाची आशा



चंगाई सभांचे फ्लेक्स आता तालुक्याच्या स्टँडपर्यंत पोचले आहेत. कॅन्सर जाईल, साखर जाईल, पांगळे चालतील. मांडवात साक्षी होतात, अर्पणाच्या थैल्या फिरतात आणि जो बरा होत नाही त्याला निघताना ठरलेले उत्तर मिळते: तुमचा विश्वास कमी पडला. या एका वाक्याविरुद्ध हे पत्रक आहे.

देव बरे करतो, असे आम्ही मानतो. त्या श्रद्धेची टिंगल करायला हे पत्रक काढलेले नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाने लिहिले आहे आणि ते आम्ही करतो. पण याकोब वडिलांना आजाऱ्याकडे जायला सांगतो. आजाऱ्याला लाउडस्पीकरपुढे उभे करून टाळ्या घ्यायला सांगत नाही.

आता विश्वास कमी पडल्याचे बघू. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या पोटाचे दुखणे वारंवार उलटे, तेव्हा पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, उपास करून विश्वास वाढवायला नव्हे. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिलाच. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षे आयुष्य वाढवून दिले, तरीही त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधले गेले. पौलाचा जिवलग लूक तर वैद्यच होता. आणि जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. आजचे प्रचारक तोच मोडीतला प्रश्न रोग्याच्या गळ्यात घालतात.

फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानाचे उदाहरण घ्या. 1858 पासून तिथे लाखो आजारी जातात. पण बरे झाल्याचा दावा तिथे आधी डॉक्टरांपुढे जातो, कागदपत्रे तपासली जातात, वर्षे जातात. एवढ्या काळात चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत. आमच्या मांडवात मात्र एका संध्याकाळी तेवढ्या जाहीर होतात, आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. प्रभूने बरे केलेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा याजकाला दाखवून यायला सांगितले होते.

अमेरिकेतल्या पीटर पॉपॉफ या चंगाई प्रचारकाचे भांडे 1986 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने फोडले. देव ज्यांची नावे आणि दुखणी पॉपॉफला सांगतो असे भासवले जाई, ती त्याची बायको वायरलेसवरून त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. दुसऱ्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. पुढे तो पुन्हा टीव्हीवर आला आणि पुन्हा लोकांनी पैसे पाठवले, हे त्याहून वाईट.

आपल्याकडचे बोलायचे तर पंडिता रमाबाईंपेक्षा मोठा विश्वास कोणाचा? 1883 मध्ये त्या वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहून गेले. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले, मुली रात्रंदिवस प्रार्थनेत होत्या. रमाबाईंचे बहिरेपण गेले नाही. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा ऐन चाळिशीत गेली आणि 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. अखेरपर्यंत त्या बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यांचा विश्वास कमी पडला, असे केडगावात उभे राहून कोणी म्हणून दाखवावे.

रमाबाईंना बळ कशाचे होते, हे या प्रचारकांना सांगता येत नाही, कारण त्यांच्या प्रवचनात पुनरुत्थान ईस्टरपुरतेच उरले आहे. बेथानीच्या लाजराला प्रभूने कबरेतून बाहेर काढले. त्या लाजरालाही पुढे मरण आलेच. शुभवर्तमानातला प्रत्येक बरा झालेला माणूस नंतर मेला. आरोग्य ही देवाची देणगी आहे, पण ती मुदतीची आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, असे पौल करिंथकरांना सांगतो. आपली मधुमेहाची गोळी सुटली नसेल तर फुकट, असे तो कुठेही म्हणत नाही. जो मरणापलीकडच्या जीवनाची वाट पाहतो त्याला आजच बरे होऊन दाखवण्याची सक्ती कशाला? मरणाला टेकलेल्या बाईच्या उशाशी बसून विश्वास वाढवा म्हणणारा तिच्याकडून शेवटची आशासुद्धा हिसकावतो.

आणि ही आशा बाळगणाऱ्यांनी औषध नाकारले नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशनचे इस्पितळ काढले. तिथे शिकलेले नर्स आणि कंपाउंडर आपल्याच घरांतले होते. प्रार्थना आणि ऑपरेशन यांचे भांडण त्या पिढीला माहीत नव्हते.

म्हणून विनंती. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, टीबीचा कोर्स कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. तेल लावून घ्या, हात ठेवून घ्या, आणि दवाखान्यातही जा. चंगाईसाठी पैसे मागणाऱ्याला अलीशाच्या लोभी चाकराची, गेहजीची, गोष्ट वाचायला सांगा. चमत्काराचा देखावा करून लुबाडणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चर्चमधल्या साध्या प्रार्थनेला तो कायदा हात लावत नाही, तेव्हा धर्मावर घाला आल्याची ओरड कोणी केली तर घाबरू नका, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आणि पाळकांनो, तुमच्या व्यासपीठावर असा वक्ता बोलवण्याआधी मागच्या सभेत बरे झालेल्यांची यादी त्याच्याकडून मागा, आणि त्यांच्या घरी स्वतः जाऊन या.

– मंडळीतला एक सभासद