मधुमेहींचा रक्त-अहवाल कसा वाचावा?



घरातील ज्येष्ठांच्या तपासणीचा अहवाल आला की आपण उपाशीपोटीची साखर पाहतो, ती बेताची असली की निःश्वास टाकतो आणि कागद फाइलीत ठेवून देतो. परंतु टाइप २ मधुमेहात खरी झीज होते ती रक्तवाहिन्यांची. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांना पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या, तसेच हृदय, मेंदू आणि पाय यांच्याकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या, अशा दोन्ही पातळ्यांवर ती चालते. वर्षानुवर्षे ती दुखत नाही की खुपत नाही. म्हणून तिची चाहूल अहवालातूनच घ्यावी लागते.

तीन महिन्यांचा हिशेब

रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते. त्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, तीच एचबीए१सी. हा आकडा ७ टक्के असेल, तर सरासरी साखर सुमारे १५४ असते. ८ टक्के असेल, तर सुमारे १८३. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासात एचबीए१सी १ टक्क्याने कमी असणाऱ्यांत सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी, तर हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे हृदयासाठी केवळ साखर सांभाळून भागत नाही.

मात्र हा आकडा जितका खाली तितका चांगला, असेही नाही. अमेरिकेतील अकॉर्ड अभ्यासात तो ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू अधिक आढळले आणि २००८ साली तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. वृद्धापकाळी साखर एकाएकी उतरली तर तोल जातो, भ्रम होतो, पडून हाड मोडते. म्हणून अनेक आजार असलेल्या थकलेल्या ज्येष्ठांसाठी डॉक्टर ८ टक्क्यांपर्यंतचे लक्ष्यही मान्य करतात. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीए१सी फसवा वाढलेला दिसू शकतो, तर नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवले असेल, तर तो फसवा कमी दिसू शकतो. अशी काही बाब असल्यास ती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

क्रिएटिनिनचा चकवा

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. वयपरत्वे स्नायू घटतात, म्हणून मूत्रपिंडे मंदावली असली तरी हा आकडा निरुपद्रवी भासतो. पंचविशीतील तरुणाचे क्रिएटिनिन १.१ असेल, तर त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, म्हणजे ई-जीएफआर, सुमारे ९५ भरते. पंच्याहत्तर वर्षांच्या आजींचे क्रिएटिनिन तेवढेच असेल, तर ती सुमारे ५२ भरते! तीन महिन्यांहून अधिक काळ हा आकडा ६० च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार समजला जातो. अशा वेळी गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अपाय करू शकतात. मेटफॉर्मिनसारख्या औषधांचा डोसही याच आकड्यावरून ठरतो.

रक्तात न दिसणारी खूण

मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या झिरपू लागल्याची आरंभीची खूण बहुधा लघवीत उमटते. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर वारंवार ३० किंवा त्याहून अधिक आले, तर मूत्रपिंडांसोबत हृदयालाही धोका वाढला असे समजावे. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना ही तपासणी करू नये, कारण आकडा उगाच वाढतो.

मोठ्या वाहिन्यांचा आकडा

एलडीएल कोलेस्टेरॉल धमन्यांच्या भिंतींत साचते. ‘१०० च्या आत आहे, म्हणजे झाले’ हा समज मधुमेहींना लागू पडतोच असे नाही. अनेकांसाठी ७० च्या आतील लक्ष्य सुचवले जाते. अहवाल चांगला आला म्हणून स्टॅटिनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो चांगला आला आहे, तो बहुधा त्या गोळीमुळेच.

पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते घटू शकते आणि त्याची लक्षणे मधुमेही मज्जातंतुविकारासारखीच दिसतात.

सेवा करणाऱ्यांसाठी

एका वहीत तारीख, एचबीए१सी, ई-जीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन, एलडीएल आणि रक्तदाब असे रकाने आखा. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते. गतवर्षी ६८ असलेला ई-जीएफआर यंदा ५५ झाला, हे वेगवेगळ्या कागदांवर नजरेतून सुटते, वहीत सुटत नाही. डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि चालू औषधे सोबत न्या. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्या; तिला रक्ताचा कोणताही अहवाल पर्याय नाही. आणि रोज रात्री आई-वडिलांचे तळवे आपल्या हातांनी पाहा. जिथे त्यांना जखम जाणवत नाही, तिथे ती तुम्हाला दिसेल.