मीटर नव्हे, रबराचे वय पाहा

डॉक्टरांच्या जुन्या मोटारींचे कौतुक करताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "वीस वर्षांची आहे, पण चालली अवघी साठ हजार किलोमीटर!" घर, दवाखाना आणि रुग्णालय एवढाच जिचा नित्याचा प्रवास, तिचा मीटर फारसा पुढे जात नाही हे खरेच. परंतु त्यावरून गाडी तरुण आहे असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, आणि याचा विसर सर्वाधिक महागात पडतो तो प्रोपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगच्या बाबतीत.

इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना, अशा रचनेच्या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब फिरता दांडा असतो. अ‍ॅम्बेसेडरमध्ये त्याला पोलादी क्रॉसचे सांधे असत. १९९५ पासून पुण्यात जुळवल्या गेलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ मध्ये मात्र दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड रबरी चकती असते, बी.एम.डब्ल्यू.च्या अनेक जुन्या गाड्यांत ती गिअरबॉक्सपाशी असते. (मारुती ८०० सारख्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हा प्रश्न नाही.) अंतोनिओ बोस्की या इटालियन अभियंत्याच्या नावावरून तिला 'जुबो' असेही म्हणतात. चकतीला सहा छिद्रे असतात. त्यांतील तीन बोल्ट एका बाजूच्या फ्लँजला आणि तीन दुसऱ्या बाजूच्या फ्लँजला, असे एकाआड एक बसतात. त्यामुळे सारी शक्ती रबर आणि त्यातील धाग्यांमधूनच पुढे जाते. मणक्यांमधील चकतीचे कार्य जाणणाऱ्यांना याहून अधिक सांगावयास नकोच.

उष्णता, हवेतील ओझोन आणि गिअरबॉक्सच्या सीलमधून झिरपणारे तेल यांमुळे रबर कडक होते व छिद्रांभोवती बारीक भेगा पडतात. गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना खालून 'धप्प' असा आवाज येणे, विशिष्ट वेगाला आसनाखाली थरथर जाणवणे, ही त्याची लक्षणे. तरीही दुर्लक्ष झाले आणि चकती फाटली, तर दांडा केंद्र सोडून गाडीच्या तळावर आदळू लागतो आणि चाकांची गती तुटते. ऑटोमॅटिक गाडीत त्याहून मोठा धोका असा, की 'पार्क'मध्ये ठेवलेली गाडीही मग उतारावर घरंगळू शकते. कारण ते कुलूप गिअरबॉक्सला असते, चाकांना नव्हे. मागच्या आसनावर मुले आहेत आणि गाडी सेंधव्यापुढील बिजासन घाटात उभी आहे, एवढी कल्पना पुरेशी आहे.

माझा पहिला आक्षेप निदानाच्या घाईला आहे. आवाज आला की गिअरबॉक्स उघडण्याचा किंवा इंजिन माउंटिंग बदलण्याचा सल्ला मिळतो. वास्तविक गाडी लिफ्टवर घेऊन न्यूट्रलमध्ये दांडा हाताने फिरवावा व बॅटरीच्या उजेडात प्रत्येक छिद्र पाहावे. तपासणीपूर्वी शस्त्रक्रिया आपण रुग्णावर करीत नाही. गाडीवर तरी का करू द्यावी?

दुसरा आक्षेप अर्धवट दुरुस्तीला आहे. एक चकती गेली असता दुसरीही त्याच वयाची असते; म्हणून दोन्ही एकदम बदलाव्यात. दांडा सोडवण्यापूर्वी जोडांवर खुणा कराव्यात, म्हणजे समतोल बिघडत नाही. स्वतः घट्ट राहणारे नट नवेच घ्यावेत. आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवावा, अन्यथा रबराला पीळ बसतो. आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच, पुस्तिकेतील आकड्यानुसार द्यावा. दांड्याच्या सरकत्या जोडाचा नट आधी सैल करून, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळावा. मधले बेअरिंग, गिअरबॉक्सचे माउंटिंग व तेलाचे सील त्याच वेळी तपासावे. दुकानात पडून राहिलेले रबरही वृद्ध होते; सबब चकतीवर निर्मितीची तारीख असल्यास ती अवश्य पाहावी.

"चालते आहे तोवर चालू द्या" हा युक्तिवाद खर्चाच्या नावाखाली केला जातो. परंतु चकतीची किंमत गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपुढे अल्प असते. १५ वर्षांनंतर गाडीची नोंदणी तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, हेही अनेकांना पुरेसे आश्वासन वाटते. ते प्रत्येक रबरी भागाचे आरोग्यपत्र मात्र नव्हे.

बालकांना लस आपण जन्मतारीख पाहून देतो, आजाराची वाट पाहून नव्हे. जुन्या गाडीच्या रबराला हाच न्याय लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईस निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून एवढी एक तपासणी करून घ्यावी आणि चकत्या कोणत्या वर्षी बदलल्या, हे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्यालाही ती नोंद उपयोगी पडेल.