कोर्ट जवळ आले, दाराची कडी कोण काढणार?



18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. गडमुडशिंगीच्या माणसाला ते जवळच. सोलापूरच्या ज्वारीवाल्याचाही मुंबईचा हेलपाटा वाचला. आनंद आहे. पण आपल्या जमिनीच्या कायद्यांपुरते या दाराला आतून कडी आहे.

राज्यघटनेने सत्तेची वाटणी केली. कायदा विधिमंडळाने करायचा, सरकारने राबवायचा, तो घटनेत बसतो का हे कोर्टाने पाहायचे. ही वाटणी कशासाठी, हे कापूसवाल्याला सांगायला नको. एकाधिकार खरेदीत भाव ठरवणारे सरकार, माल घेणारे सरकार आणि प्रत लावणारा ग्रेडर त्याच बाजूचा. गाडी परत फिरवावी तर दुसरीकडे विकायला बंदी! घेणारा आणि काटा धरणारा एक झाला की माप कुणाचे मारले जाते, हे आपण भोगले आहे.

जमिनीचेही तेच झाले. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्क डावलतो म्हणून कोर्टाने रद्द करायचा नाही! सुरुवातीला 13 कायदे होते, पुढे यादी 284 क्रमांकांपर्यंत गेली, बहुतेक जमिनीचेच. महाराष्ट्राचा 1961 चा सीलिंग कायदा 1964 साली त्यात गेला. आणीबाणीत, 1976 साली, जीवनावश्यक वस्तू कायदाही तिथेच नेऊन ठेवला.

महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्याविरुद्धच्या वामनराव खटल्यात 1980 साली तो कायदा टिकला. पण सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ ओढली. 24 एप्रिल 1973 नंतर परिशिष्टात गेलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीवर तपासता येतील. 2007 साली नऊ न्यायमूर्तींनी ते पक्के केले. त्याआधी गेलेले कायदे मात्र आजही कडीबंद आहेत.

कूळकायद्याने कित्येकांची चूल पेटली, हे मी नाकारत नाही. पण चांगल्या कायद्याला तपासणीची भीती कसली? कोर्ट कदाचित आपल्या विरुद्धही निकाल देईल. तो मान्य करू. गाऱ्हाणे ऐकूनच घ्यायचे नाही, हे मान्य नाही.

कडी संसदेने घातली, ती काढायचीही संसदेनेच. खासदार मते मागायला आले की आधी एवढेच विचारा: आमच्या दाराची कडी कधी काढता?