सत्कार पुरे, खोली घ्या

‘मुंबई कोणाला उपाशी ठेवत नाही’ हे वाक्य बोर्ली पंचतनमध्ये यापुढे कोणी नोकरीला निघालेल्या पोरापुढे उच्चारू नये. ते खोटं आहे. आमच्या आजोबांना मुंबईने पोसलं नाही, गावकीच्या खोलीने पोसलं. लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गिरणी कामगार पाळ्या लावून झोपत. नव्या पोराकडे पगार हातात येईपर्यंत कोणी भाडं मागत नसे. जेवण खानावळवाल्या बाईकडे उधारीवर. ती बाई स्वतः सावकाराच्या कर्जात बुडून या पोरांना वाढायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशाच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या मानेवरचा फास सैल झाला.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा तशा चालल्याच नाहीत. त्यांच्याबरोबर तो सगळा आधार मोडला. आम्ही मात्र पोरांना अजून त्याच भरवशावर म्हसळा-माणगाव मार्गे पनवेलच्या एसटीत बसवून देतो.

तिथे काय होतं ते ऐका. समजा, तिघांनी मिळून नऊ हजार भाड्याची खोली धरली. अनामत चाळीस हजार, दलालाला एक भाडं, पहिलं भाडं आगाऊ. म्हणजे गादी-बादली घेण्याआधीच अठ्ठावन्न हजार. पगार महिना भरल्यावर, ठेकेदाराकडे असाल तर त्याहून उशिरा. हे पैसे आणायचे कुठून? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं झाड पीक द्यायला पाच-सात वर्षं घेतं. घरात शिल्लक आहे कुठे? मग आईच्या बांगड्या गहाण पडतात, आणि अनामत परत करताना मालक रंगाचे, नळाचे, कशाकशाचे पैसे कापून घेतो. माझ्या पुतण्याचे असेच निम्मे पैसे गेले. कागद मागितला तर म्हणे, तोंडी ठरलं होतं.

तोंडी? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 पाठ करून घ्या. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या किती शाळा-कॉलेजांत हे शिकवतात? करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली तासभर भाषण होतं, हार घातले जातात, आणि पोरगं कोऱ्या कागदावर सही करायला मोकळं सुटतं.

मोहल्ल्यातल्या पोराचे हाल याहून वाईट. फोनवर खोली रिकामी असते, नाव सांगितलं की ती भरते. कुणबी-कोळ्यांच्या पोरांना ‘मासे शिजवणार नाही’ असं कबूल करायला लावतात. समुद्राकाठच्या माणसाकडून असलं वचन घेणाऱ्यांना लाज वाटत नाही, आणि ‘सवय होईल’ म्हणून पोरालाच गप्प करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही वाटत नाही. सवय कसली? हा अपमान आहे, आणि तो अपमानच म्हणावा.

सगळ्यात जास्त राग मला आमच्या मुंबईकर मंडळांचा येतो. वर्गणी जमते. त्यातून शाली, नारळ, स्मृतिचिन्हं, क्रिकेटचे सामने, पाहुण्यांचे फ्लेक्स. दरवर्षी पाहुणे गुणवंत विद्यार्थ्यांच्या पाठीवर थाप मारतात, आणि जूनमध्ये तोच गुणवंत कुठल्यातरी लांबच्या आत्याच्या गॅलरीत झोपतो. हा पैसा आपलाच आहे. आजोबांच्या पिढीकडे आपल्याहून कमी होता, तरी त्यांनी खोली चालवली.

पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे: एक वर्ष सत्कार बंद, त्या पैशातून पनवेलला नोंदणीकृत कराराने एक खोली, नवख्याला तीन महिने बिनभाड्याने, वाडीतल्यालाही आणि मोहल्ल्यातल्यालाही. मुलींसाठी वेगळी खोली, आणि ती पुढच्या वर्षावर ढकलायची नाही. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी उभं राहून, गावासमोर करावा.