१ एप्रिल १९५७ पूर्वीचा अन्याय कोणी माफ केला?

झाले गेले विसरून जावे, असा उपदेश करणारांची या देशात कधीच उणीव नव्हती. मात्र हा उपदेश नेहमी ज्याचे गेले त्यालाच केला जातो. ज्याने नेले त्याच्या दाराशी जाऊन, 'घेतल्याचे विसर आणि परत कर', असे सांगणारा उपदेशक आम्ही अद्याप पाहिला नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील वारली बांधव आपल्या गेलेल्या जमिनीचा शब्द काढू लागले की त्यांनाही हेच ऐकविण्यात येते. जुने उगाळू नका, आता बंदर येत आहे, जलद रेल्वे येत आहे, पुढे पाहा! नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी या उपदेशाकडे जरा बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. कारण हा आवाज आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. जगात शांततेचे करार होत होते, निर्वासितांचे तांडे घराकडे परतत होते, अपराध्यांवर खटले उभे राहत होते. त्याच वर्षी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर माणसे आपल्याच मुलखात दास होऊन राहत होती. वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकार व जमीनदारांकडे जाऊ लागल्या होत्या. ज्याच्या आजाने रान तोडून शेत केले, तोच त्या शेतावर वेठीला जाई. लग्नासाठी थोडे कर्ज काढावे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबावे, या प्रथेला तिकडे 'लग्नगडी' असा शब्दच होता. ही कोणा चळवळ्या माणसाची कल्पना नव्हे. डी. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला १९३९ साली जो अहवाल सादर केला, त्यात या वेठीची, मारहाणीची व गुलामीची नोंद आहे. सरकारने अहवाल छापला आणि वेठ चालूच राहिली.

ती थांबवली वारल्यांनी स्वतः. टिटवाळ्याच्या किसान परिषदेहून परतलेल्या माह्या धांगडा प्रभृती वारल्यांच्या खटपटीने २३ मे १९४५ रोजी झरी या गावी परिषद भरली. तिला हजारो वारली जमले आणि वेठबिगार करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. पुढे गवतकापणीचा दर मागितला: पाचशे पौंडांस अडीच रुपये. एवढ्या मागणीने जमीनदारांचे आसन डळमळले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलवाडा येथे, जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याचे सोबती तेथे ठार झाले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला आहे. बाईंच्या जिवाला धोका आहे, मदतीस या, असा खोटा निरोप पाठवून वारल्यांना तेथे गोळा करण्यात आले, आणि तिकडे पोलिसांना मात्र दंगल होणार असे कळविण्यात आले, असे त्या सांगतात. परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदी आली. जमीनदारांपैकी कोणावर जिल्हाबंदी आल्याचे आमच्या वाचनात नाही.

परुळेकरांच्या पक्षाशी आमचे मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु शामराव परुळेकर हे एके काळी स्वतंत्र मजूर पक्षात बाबासाहेबांच्या बरोबरीने काम करीत होते, आणि जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध मुंबई विधिमंडळावर शेतकऱ्यांचा जो प्रचंड मोर्चा गेला त्यात दोघेही होते, हे आमच्या तरुणांना माहीत असावे. कोकणातल्या कुळाचा प्रश्न आणि उत्तर कोकणातल्या वारल्याचा प्रश्न यांच्यामध्ये भिंत त्या काळी नव्हती. ती मागाहून बांधली गेली.

आता कायद्याकडे वळू. राज्य म्हणते, आम्ही न्याय केला. मुंबई राज्याने १९४८ साली कूळकायदा केला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून, त्या दिवशी जमीन कसणारा कूळ तिचा मालक समजला जाईल असे पुढे जाहीर केले. त्यानंतर महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा केला. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात तो वैध ठरविला. हे श्रेय देणे भाग आहे आणि ते आम्ही देतो. ज्या देशात मालमत्तेचा हक्क देवासारखा पुजला जातो, तेथे बिगर आदिवासीने रीतसर खरेदी केलेली जमीनसुद्धा मूळ आदिवासी मालकास परत मिळावी असे म्हणणारा कायदा सामान्य नव्हे.

परंतु त्या कायद्याची मुदत पाहा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात जी जमीन गेली तिचाच तो विचार करतो. १९५७ च्या आदल्या दिवशी गेलेली जमीन त्याच्या हिशेबी गेलेलीच नाही. म्हणजे लग्नगड्याची जमीन, वेठीच्या काळची जमीन, ज्या लुटीविरुद्ध झरीला परिषद भरली आणि तलवाड्याला माणसे मेली त्या लुटीतली जमीन, ही सारी एका तारखेच्या पलीकडे राहिली. यावर असा युक्तिवाद होतो की, त्या आधीच्या लोकांना कूळकायद्याने संरक्षण दिलेच होते. हा युक्तिवाद करणारास आमचा प्रश्न आहे: कूळ म्हणून कोणाचे नाव लागले? ज्याच्याकडे पावती होती, ज्याचे नाव तलाठ्याने लिहिले, त्याचे. लग्नगड्याला पावती कोण देणार? तो तर कागदावर कूळही नव्हता, गडी होता. गवताच्या विस्तीर्ण कुरणांवर राबणारा वारली तेथे मजूर होता. त्या कुरणाच्या जागी पूर्वी त्याच्या आजाचे शेत होते काय, हे विचारण्याची सोय कोठे होती? शेजारच्या पारडी तालुक्यात याच गवताळ जमिनींसाठी आदिवासींना १९५३ पासून सत्याग्रह करावा लागला आणि तडजोडीला १९६७ साल उजाडले. ज्याचा अन्याय सर्वांत मोठा त्याचाच कागद सर्वांत कोरा, आणि कायदा कागदाला विचारून न्याय देतो!

जी जमीन मुदतीत बसते तीही फुकट परत मिळत नाही. शेतसाऱ्याच्या ४८ पटींवर आधारलेली रक्कम आणि शिवाय खरेदीदाराने केलेल्या सुधारणांची किंमत आदिवासीने हप्त्याहप्त्याने भरावयाची. ६ जुलै १९७४ पूर्वी त्या जमिनीवर कारखाना किंवा बंगला उभा राहिला असेल, तर ती परत मिळण्याच्या यादीतूनच बाहेर. आमच्या वाचकांना हा हिशेब नवा वाटू नये. महारकी वतने १९५८ च्या कायद्याने गेली तेव्हा, पिढ्यान् पिढ्या गावाची चाकरी करून जी जमीन आपल्या वाडवडिलांनी सांभाळली, तिच्या कब्जेहक्कासाठी त्यांनाही सरकारात पैसे भरावे लागले होते. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या जमिनीचे काय झाले, हे प्रत्येकाने आपापल्या गावी विचारावे.

इतक्या जुन्या गोष्टीची दाद कशी द्यावयाची, आजचे मालक तर निरपराध वारस आहेत, असाही आक्षेप आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९४ साली, गोऱ्यांची सत्ता जाताच, जमीन परत करण्याचा कायदा केला आणि त्याची सुरुवातीची तारीख १९ जून १९१३ ठेवली, म्हणजे एक्याऐंशी वर्षे मागे. काळ्या लोकांना जमिनीवरून हुसकावणारा कायदा १९१३ साली झाला होता म्हणून ती तारीख. तेथेही काम धिमे झाले, अनेकांना जमिनीऐवजी पैशावर भागवावे लागले. तथापि तारीख निवडताना त्यांनी लूट केव्हा सुरू झाली हे पाहिले. आम्ही मात्र कृषकदिनाचा सोयीचा दिवस निवडला. १९७४ साली तलवाड्याच्या गोळीबारास अवघी एकोणतीस वर्षे झाली होती. मरणारांची मुले तेव्हा जिवंत होती.

युरोपातील बोस्निया देशाचे उदाहरणही विचारात घेण्याजोगे आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात तेथील वीस लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. १९९५ च्या डेटन कराराने प्रत्येक निर्वासितास आपल्या मूळ घरी परतण्याचा व मालमत्ता परत मिळण्याचा हक्क दिला. २००४ पर्यंत दहा लाख लोक परतल्याची नोंद झाली. परंतु अनेकांनी परत मिळालेले घर विकले आणि दुसरीकडे गेले; कारण घर मिळाले तरी गावातली सत्ता, शाळा व नोकऱ्या हुसकावणारांच्याच हाती होत्या. ही गोष्ट आम्हांस परदेशात जाऊन शिकावी लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. घरे सोडून पळालेली कुटुंबे पुढे गावी परतली. पण ज्यांनी आग लावली त्यांच्याच शेतावर मजुरीला, त्यांच्याच विहिरीच्या वाटेवर. काही परतलीच नाहीत, ती शहरांच्या झोपडपट्ट्यांत विरून गेली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साक्ष दिली तर उद्या काम कोण देईल, या भयाखाली जो परततो त्याला परतलेला म्हणावे काय?

डहाणूचा वारली तर दरवर्षी परततो. पावसाळा सरला की वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर अनेक कुटुंबे जातात आणि पावसाच्या तोंडाशी माघारी येतात. भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घ्यावयाची, बहुधा लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी, आणि ती अंगावर फेडावयाची. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर रद्द झाली आहे. लग्नगडी हा शब्दही आता कोणी वापरीत नाही.

स्मृतीविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण येथे एक विलक्षण गोष्ट आहे. तलासरीला लागूनच, आता गुजरातेत असलेले, संजाण आहे. इराणातून धर्मासाठी परागंदा झालेले पारशी तेथे उतरले अशी परंपरा आहे. पुढे संकटकाळी आपला पवित्र अग्नी त्यांनी डहाणू तालुक्यातील बाहरोटच्या लेण्यांत बारा वर्षे लपवून ठेवला असे ते मानतात. त्या निर्वासितांना या भूमीने आसरा दिला याचा आम्हांस अभिमानच आहे, आणि ती स्मृती जपणाऱ्या त्या समाजाचे आम्ही कौतुक करतो. परंतु ज्या भूमीने शेकडो वर्षांपूर्वीच्या परागंदांची आठवण इतक्या मायेने सांभाळली, त्याच भूमीवर तिच्या मूळ रहिवाशास ऐंशी वर्षांपूर्वीची आठवण 'उगाळणे' म्हणून का नाकारली जाते? वारल्यांच्या चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, घोलवडच्या चिकूला २०१६ साली मिळाले. भिंतीवर वारली चित्र टांगणाऱ्या घरांत तलवाड्याचे नाव किती मुलांना ठाऊक आहे? आपल्या घरच्या मुलांनाही विचारून पाहावे.

आमच्यातीलच काही सज्जन म्हणतील, तथागतांनी अवैर शिकविले, मग हा जुना हिशेब कशाला? त्यांनी अंगुलिमालाची कथा पुन्हा वाचावी. तो भिक्षू झाला, अर्हत् झाला, तरी भिक्षेला गेला असता लोकांनी मारलेले दगड त्याला सोसावे लागले. तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले, लोकांना गप्प केले नाही. आणि पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेऊ नये, एवढेच त्यात आहे. घेऊन पन्नास वर्षे झाली असता ठेवून घ्यावे, अशी पुस्ती त्याला जोडलेली नाही. द्वेष न करता मागता येते. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते द्वेषापोटी नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच हिंदू समाजाला जाब विचारला होता की, आदिवासींना तुम्ही शतकानुशतके रानात का सोडून दिलेत? तो जाब आज आपणांसही लागू होतो. जंगलपट्टीच्या काठी राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची आदिवासींकडे पाहण्याची दृष्टी सवर्णांनी आपल्याकडे पाहण्याच्या दृष्टीहून फारशी निराळी नाही, हे लिहिताना आम्हांस खेद होतो.

दरम्यान नवी विस्थापने चालूच आहेत. सूर्या प्रकल्पासाठी आदिवासींची गावे उठली. ज्या पाण्याने शेते भिजावयाची ते वसई-विरारकडे गेले. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि १९९६ साली त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदरास संमती दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या त्या बंदरास मान्यता दिली. मच्छीमारांचा विरोध ऐकून घेण्यात आला, एवढेच. जमिनीची जुनी बाकी चुकती न करता नवी उचल करण्याचा हा प्रकार भट्टीमालकाच्या वहीसारखाच आहे.

आमची मागणी साधी आहे. १९७४ च्या कायद्यातील १ एप्रिल १९५७ ही तारीख मागे न्यावी, आणि ज्या जमिनी वेठ व कर्जापायी गेल्या त्यांचा शोध घेण्याचे काम अर्जदार वारल्यावर न टाकता जिल्हाधिकाऱ्यांनी जुन्या दप्तरांवरून करावे. पुरावा नाही, हे उत्तर चालणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रस्तावनेतच कबूल केले आहे, आणि त्याच्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथन पुरावा म्हणून स्वीकारले आहे. असे असूनही कागद नाही म्हणून दावे फेटाळले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर असे दावेदार बाहेर काढण्याचा आदेशच निघाला होता, तो त्याच महिन्यात स्थगित झाला म्हणून बरे. वनजमिनीला जो पुरावा चालतो तो सावकाराने नेलेल्या शेतीला का चालू नये?

१९४५ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीत आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अशी माणसे थोडी उरली आहेत. कोणते शेत कोणाचे होते, कोणत्या लग्नापायी गेले, बांध कोठून कोठे होता, हे त्यांना पाठ आहे. त्या भागात जे बौद्ध शिक्षक, वकील, ग्रामसेवक व विद्यार्थी आहेत त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी, लोक पाड्यांवर परतले असता, ग्रामसभेसमोर त्यांची कथने उतरवून घ्यावीत, त्यांवर अंगठे व सह्या घ्याव्यात आणि एक प्रत तहसीलदाराकडे पोहोच घेऊन दाखल करावी.